आधी पाय, मग डोकं: सिटकामध्ये बाल्ड ईगल हाताळणाऱ्यांसाठी

बाल्ड ईगलचं, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडाचं, काम शिकायला आलेला माणूस चोचीकडे बघत राहतो आणि मार खातो पंजांचा. चोच पिवळीजर्द, आकड्यासारखी वळलेली, नेमकी तोंडासमोर. तिचा धाक वाटणारच. पण हा पक्षी पकडतो, मारतो आणि स्वतःला वाचवतो ते पायांनी. मागचं नख चारेक सेंटिमीटरचं असतं. पंजा एकदा आवळला की बोटांतल्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, कुलूप पडावं तशा अडकतात, मग पक्ष्याला जोर लावत बसावं लागत नाही. म्हणून आधी पाय, मग डोकं, पंख सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं.

इथे सांगितलेलं सगळं आग्नेय अलास्कातल्या बॅरानॉफ बेटावरच्या सिटका गावाला धरून आहे. बाहेरून तिथे रस्ता जात नाही. विमानाने जा नाहीतर बोटीने. इंडियन नदीच्या बाजूला १७ एकरांत अलास्का रॅप्टर सेंटर आहे. जखमी शिकारी पक्षी बरे करून परत सोडायचं काम तिथे १९८० पासून चालतं. भोवती टोंगासचं जंगल, समुद्रात हेरिंग मासे, ओढ्यांत सॅमन मासे आणि वर्षभर पाऊस. अलास्कात मिळून सुमारे ३०,००० बाल्ड ईगल आहेत. याच प्रदेशात १९१७ ते १९५३ या काळात गरुड मारणाऱ्याला सरकारी इनाम मिळायचं आणि त्यात लाखाहून जास्त पक्षी मेले. सॅमन खातो आणि फरसाठी पाळलेली कोल्ह्याची पिल्लं नेतो, असा त्याच्यावर आरोप होता.

नावावरून जाऊ नका. ‘बाल्ड’चा जुना अर्थ टकला असा नाही, पांढरा डाग असलेला असा आहे. तोही पांढरेपणा चार-पाच वर्षांनी येतो. त्याआधीचा पक्षी सगळा तपकिरी, मधूनमधून पांढरा, आणि नवख्याला हमखास गोल्डन ईगल वाटतो. नडगी बघा. गोल्डनची नडगी बोटांपर्यंत पिसांनी झाकलेली असते, बाल्डची खालची अर्धी उघडी असते.

कागदपत्रं

अमेरिकेत हा पक्षी १९४० पासून स्वतंत्र कायद्याखाली आहे, अलास्का मात्र सुरुवातीला त्यातून वगळलेला होता. २००७ मध्ये तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला तरी तो कायदा तसाच लागू आहे. उपचारासाठी पक्षी ठेवायचा तर केंद्र सरकारचा परवाना हवा. त्यासाठी वय १८ पूर्ण आणि किमान १०० तासांचा अनुभव लागतो, तोही निदान वर्षभरात पसरलेला. तोवर परवानाधारकाच्या हाताखाली शिकायचं. गरुड दाखल झाला की २४ तासांच्या आत फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसला, म्हणजे केंद्राच्या वन्यजीव खात्याला, कळवायचं. १८० दिवसांच्या पुढे ठेवायचा असेल तर वेगळी परवानगी काढायची.

एक नियम पहिल्याच दिवशी समजून घ्या, नंतर तो फार जड जातो. पंख कोपरापासून किंवा त्याच्या वरून कापावा लागणार असेल, पाय किंवा पंजा काढावा लागणार असेल, किंवा पक्षी पूर्ण आंधळा असेल, तर त्याला वेदनारहित मरण देणं बंधनकारक आहे. एका पायावर उभा राहणारा जड पक्षी उरलेला पायही सडवून घेतो. नियम कठोर वाटतो, पण तो पिंजऱ्यातली वर्षं बघूनच केलेला आहे.

पीस सापडलं तर खिशात टाकू नका. मृत गरुड आणि त्याची पिसं कोलोरॅडोतल्या नॅशनल ईगल रिपॉझिटरीकडे जातात आणि तिथून मूलनिवासी जमातींना धार्मिक वापरासाठी मिळतात. सिटका ही त्लिंगित लोकांची भूमी आहे. त्यांच्या समाजाचे दोन भाग आहेत, रेव्हन (डोमकावळा) आणि ईगल (गरुड). तेव्हा वाटेतलं पीस ही तिथे आठवण म्हणून न्यायची वस्तू नव्हे. कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला एक लाख डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद आहे.

पकड

तयारी पिंजऱ्याबाहेर करा. लागेल ते असं: कोपरापर्यंतचे वेल्डिंगचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, जाड चादर किंवा घोंगडी, पक्ष्याच्या डोक्याला बसणारं चामड्याचं टोपडं, वजनकाटा, आणि दार उघडी ठेवलेली पेटी. माणसं दोन. एकट्याने पूर्ण वाढलेला गरुड पकडणारे असतात, पण त्यांचं बघून शिकू नका. धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या. २०२२ पासून अलास्कात एच५एन१ बर्ड फ्लू आहे, म्हणून नव्या पक्ष्याजवळ जाताना एन-९५ मास्क, चष्मा आणि वेगळे कपडे घाला. मान वाकडी होणं, थरथर, झटके ही लक्षणं दिसली तर त्या पक्ष्याला इतरांच्या हवेतसुद्धा आणू नका.

पकडण्याआधी गळ्याखाली नजर टाका. तिथे फुगवटा दिसला तर अन्नपिशवी भरलेली आहे. त्यात जवळजवळ किलोभर मासळी मावते. अशा पक्ष्याला धरलं की तो ओकतो आणि ते श्वासनलिकेत जातं. तातडी नसेल तर पिशवी रिकामी होऊ द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी या.

आत शिरताना चादर दोन्ही हातांत पसरून, खाली धरून, सावकाश चाला. पक्ष्याला कोपऱ्याकडे जाऊ द्या. तो उडून भिंतीवर आदळू लागला किंवा चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला तर बाहेर या आणि अर्ध्या तासाने परत प्रयत्न करा. पाठलाग करून दमवलेला गरुड हातात येतो खरा, पण टेबलावर मरू शकतो. कोपऱ्यात सापडलेला पक्षी पुष्कळदा उताणा पडून दोन्ही पंजे वर उगारतो. घाबरू नका, ही तुमच्या सोयीची वेळ आहे. घोंगडीचा बोळा पंजांत जाऊ द्या. तो आवळला की वरून दोन्ही पाय धरा.

कुठे धरायचे? पक्ष्याच्या पायात मागे वळलेला जो गुडघा वाटतो, तो खरं तर घोटा असतो. त्याच्या वर, मांडीच्या बाजूला, दोन्ही पाय एका हातात घ्या आणि आपलं एक बोट दोहोंच्या मधे ठेवा, म्हणजे घोटे एकमेकांवर घासणार नाहीत. दुसऱ्या हाताने पंख अंगाशी मिटवा. पक्ष्याची पाठ तुमच्या छातीला, पाय समोर, आणि तुमचं तोंड एका बाजूला वळलेलं. जोडीदाराने लगेच टोपडं चढवावं. अंधार झाला की निम्मी लढाई थांबते.

इथे एक चूक सगळ्यांच्या हातून होते. पक्षी निसटेल या भीतीने माणूस छातीशी घट्ट कवटाळतो. पक्ष्यांना आपल्यासारखा पोट आणि छाती वेगळं करणारा पडदा नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. ते दाबलंत तर तुम्ही त्याचा गळाच आवळला. जाड मोज्यांमुळे किती दाबतोय ते कळत नाही, म्हणून जोर पायांवरच्या हातात ठेवा, छातीवरच्या हातात नको. पंख गळून पडल्यासारखे झाले, चोच उघडीच राहिली, अंग तापलं, की काम सोडा आणि पक्षी गार, अंधाऱ्या पेटीत ठेवा. धरून ठेवायचा वेळ दहा मिनिटांच्या आत बसवा. बोलू नका, त्याच्या डोळ्यांत बघू नका, फोटो काढू नका. तो तुम्हाला शिकारी समजतो आणि तुम्ही प्रेमाने बोललात म्हणून त्याचं मत बदलत नाही.

पंजाने तुम्हालाच धरलं तर हात ओढू नका. ओढलात की कुलूप आणखी घट्ट होतं आणि नख आत फाडत जातं. स्थिर राहा. जोडीदाराने पक्ष्याचा तो पाय घोट्यातून सरळ ताणावा, म्हणजे कंडरा सैल पडतात. मग आधी मागचं बोट सोडवायचं, त्यानंतर पुढची तीन. जखम साबणाने भरपूर धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. नखाची जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत खोल असते.

टेबलावर

आधी पाच मिनिटं लांबून बघा: कसा उभा आहे, कुठला पंख खाली, शेपटी श्वासाबरोबर हलते का. हातात घेतल्यावर तो दुखणं लपवतो, त्यामुळे ही पाच मिनिटं वाया जात नाहीत. मग वजन. अलास्कातले पक्षी ३.५ ते ६.५ किलोच्या दरम्यान भरतात आणि मादी नरापेक्षा मोठी असते, म्हणून नुसत्या आकड्यावरून रोड की धष्टपुष्ट ते ठरत नाही. बोट छातीच्या हाडावर फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर ठीक. हाड होडीच्या कण्यासारखं वर आलं असेल तर पक्षी अनेक दिवस उपाशी आहे.

त्यानंतर चोचीकडून शेपटीकडे जा. तोंडाच्या आतला रंग, कानातलं रक्त, दोन्ही डोळे. डोळ्याच्या मागच्या भागातलं रक्तस्राव बाहेरून दिसत नाही, त्यासाठी उपकरणाने आत बघावं लागतं. एका डोळ्याचा पक्षी शिकार चुकवतो. पंखाचं एकेक हाड दोन्ही बाजूंना तुलना करत चाचपा. दुखऱ्या जागेला सगळ्यात शेवटी हात लावा. तारेला, गाडीला किंवा काचेला आदळलेल्या गरुडात खांद्याचं कोरॅकॉइड नावाचं हाड पुष्कळदा मोडलेलं असतं. बाहेरून फक्त ‘उडत नाही’ एवढंच कळतं, म्हणून एक्स-रे टाळू नका.

पंख बांधायचा तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी घ्या, स्वतःलाच चिकटणारी, पिसांना न चिकटणारी. पट्टी बसली की एक बोट आत सरकलं पाहिजे. किती दिवस, हा प्रश्न महत्त्वाचा. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेली कातडी असते. बांधून ठेवली की ती आखडते, आणि हाड जुळलं तरी पंख पूर्ण उघडत नाही. म्हणून पट्टी आठवड्यातून दोनदा सोडून, भूल देऊन, पंख हळूच ताणून घ्यायचा. हाड सरळ जुळलं आणि कातडी आखडली, असा पक्षी कायमचा पिंजऱ्यात राहतो.

सलाईन कातडीखाली द्यायचं असेल तर मांडी आणि पोटाच्या मधल्या सैल घडीत द्या. मानेच्या मागे नको, तिथे कातडीखाली हवेची पिशवी असते. द्रव कोमट, ३८-३९ अंशांचा करून घ्या. रोजची गरज किलोमागे ५० मिलि, म्हणजे चार किलोच्या पक्ष्याला २०० मिलि. वाळलेल्या पक्ष्याला याहून जास्त लागतं, ते वैद्य ठरवतील.

उपाशी पक्ष्याला मासा देऊ नका

ही गोष्ट मनाविरुद्ध जाते. हाडांचा सापळा झालेला गरुड समोर आहे आणि फ्रीजमध्ये सॅमन आहे. हात आपोआप तिकडे जातो. पण अशा शरीराला अचानक भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि पक्षी, जो पहिल्या दिवशी तरतरीत दिसला, तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतो. पहिला दिवस ऊब आणि द्रव. विष्ठा सुरू झाली, मान उचलून बसू लागला, की पातळ, सहज पचणारा आहार थोडा थोडा नळीने. नंतर मासळीचे हाड-कातडी काढलेले छोटे तुकडे. पिसं, केस, हाडं असलेलं अख्खं खाणं सर्वात शेवटी, कारण त्याची गुठळी करून ती ओकायला ताकद लागते.

शिसं

बेटावर काळ्या शेपटीच्या हरणांची शिकार होते आणि शिकारी आतडी जंगलातच टाकून जातात. त्यात गोळीचे कण असतात. तांदळाच्या दाण्याएवढा शिशाचा तुकडा गरुडाला मारायला पुरेसा आहे, कारण त्याच्या पोटातलं तीव्र आम्ल शिसं विरघळवतं. मान खाली, पंख लोंबलेले, पंजे मुठीसारखे आवळलेले, विष्ठा गडद हिरवी, श्वास जड: असं दिसलं की कुठलीच दुसरी शंका घेत बसू नका, रक्त काढा. डेसिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर आकडा काळजीचा, ६० च्या वर लक्षणं दिसतात, १०० च्या वर वाचणं अवघड. एक्स-रेमध्ये पोटात कण दिसला तर तो आधी बाहेर काढायचा, मग शिसं बांधून बाहेर टाकणारं औषध. ते सहसा पाच दिवस देऊन थांबतात, पुन्हा रक्त तपासतात, पुन्हा देतात. मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून द्रव सोबत चालू ठेवायचं. खरं तर प्रत्येक दाखल गरुडाची शिशाची चाचणी करावी. आदळलेल्या पक्ष्यांतले काही शिशाने सुस्त झालेले असतात, म्हणून आदळलेले असतात.

स्वयंपाकघर

निरोगी गरुडाला रोज वजनाच्या पाच ते आठ टक्के पुरतं. साडेचार किलोच्या पक्ष्याला २२५ ते ३६० ग्रॅम. मासळी फ्रीजमध्ये रात्रभर वितळू द्या. गरम पाण्यात वितळवलेली बाहेरून सडते आणि आतून दगड राहते. हेरिंगमध्ये ब-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं आणि ते गोठवलेल्या माशातही काम करत राहतं. नुसतं हेरिंग खाणारा पक्षी काही आठवड्यांत डळमळायला लागतो. म्हणून किलोभर मासळीमागे २५ ते ३० मिलिग्रॅम ब-१ ची गोळी माशाच्या कल्ल्यात सरकवून द्या. खारवलेली किंवा धुरवलेली मासळी नको.

दान म्हणून आलेलं मांस कुठून आलं ते विचारल्याशिवाय घेऊ नका. गोळीने मारलेल्या हरणाचं असेल तर शिशाची गोष्ट वर आलीच आहे. पेंटोबार्बिटल देऊन झोपवलेल्या जनावराचं असेल तर ते औषध मांसात राहतं आणि खाणारा गरुडही झोपतो, बहुधा कायमचा.

उरलेलं खाणं दुसऱ्या दिवशी सकाळी उचला, मोजा, लिहा. किती खाल्लं हा आकडा पक्ष्याबद्दल सगळ्यात आधी सांगतो. आणि उरलेलं बाहेर ठेवू नका, कारण ते अस्वलांना कळतं.

अस्वल

बॅरानॉफ, चिचागॉफ आणि अॅडमिरल्टी या तीन बेटांवर तपकिरी अस्वलं आहेत. काळी नाहीत, म्हणून ‘काळ्या अस्वलाशी लढा’ हा मुख्य भूभागावरचा सल्ला इथे सोडून द्या. जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत इंडियन नदीत गुलाबी सॅमन चढतो, आणि त्याच्या मागोमाग अस्वल, गरुड आणि कावळे एकाच काठावर येतात. मासळीचं पाणी नाल्यात ओतणं, कचऱ्याचं झाकण सैल ठेवणं, गाडीत रिकामी पेटी विसरणं: अस्वल आवारात येतं ते बहुतेक अशाच एखाद्या कारणाने. फ्रीजर कुलूपबंद आणि इमारतीच्या आत ठेवा, कचरा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात. अलास्कात अस्वलाला खायला घालणं बेकायदा आहे, आणि उघडा ठेवलेला कचराही त्यातच मोजतात.

पायवाटेवर वाहत्या पाण्याचा आवाज तुमचा आवाज गिळतो. वळणावर मोठ्याने बोला, टाळ्या वाजवा. छोटी घंटी कामाची नाही. बेअर स्प्रे (अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा) छातीवर किंवा कमरेला, हात सरळ पोचेल असा. पाठीवरच्या पिशवीत असलेला स्प्रे नसल्यासारखाच. विमानात तो नेता येत नाही, सामानातही नाही, म्हणून गावात पोचल्यावर घ्या आणि डब्याच्या तळावर छापलेली मुदत बघा. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं तर ते वास आणि नजर जुळवतंय, हल्ला करत नाहीये. पळू नका. हळू बोलत, तिरकं मागे सरका. धावून आलं तर ६ ते ९ मीटरवर आल्यावर, नोझल किंचित खाली ठेवून फवारा सोडा, म्हणजे त्याला ढगातून यावं लागेल. अंगावर आलंच तर पालथे पडा, पिशवी पाठीवर राहू द्या, पाय फाकवा, हात मानेमागे गुंफा. पिल्लांची किंवा खाण्याची राखण करणारी मादी धोका टळला असं वाटलं की थांबते. ती थांबली नाही आणि खायलाच लागली, तर मात्र जिवानिशी लढा.

समुद्राकडे नियम सोपे आहेत. अलास्कात हंपबॅक व्हेलपासून १०० यार्ड दूर राहणं कायद्याने बंधनकारक आहे. किनाऱ्यावर एकटं दिसणारं सीलचं पिल्लू बहुतेक वेळा आई परत येण्याची वाट बघत असतं. घरट्याच्या झाडापासून मार्च ते ऑगस्ट १०० मीटरच्या आत जाऊ नका. पक्षी उठून ओरडायला लागला तर तुम्ही आधीच फार जवळ आहात.

किनाऱ्यावर बसलेला गरुड जखमीच असतो असं नाही. ऑगस्टमध्ये नुकतं उडू लागलेलं पिल्लू तासन्‌तास जमिनीवर बसतं, भिजलेला पक्षी पंख वाळवतो, पोट भरलेला उडायचा कंटाळा करतो. लांबून दुर्बिणीने बघा. पंख एका बाजूला लोंबतोय, माणूस जवळ आल्यावरही तो चालतच राहतो, किंवा भरती चढते आहे आणि तो हलत नाही, तर केंद्राला फोन करा आणि जागा नीट सांगा. कायदा जखमी पक्षी थेट परवानाधारकाकडे पोचवायची मुभा सगळ्यांना देतो. पण वर वाचलेले पंजे आठवा आणि फोनवरचा माणूस सांगेल तेच करा.

पिंजरा आणि पिसं

उड्डाणपिंजरा किमान १०० फूट लांबीचा हवा, त्याहून कमी लांबीत गरुड उडत नाही, उड्या मारतो. भिंतीला लोखंडी जाळी लावू नका, पिसं आणि मनगटं तिच्यावर फाटतात. उभ्या लाकडी पट्ट्या हव्यात. बसायचे दांडे वेगवेगळ्या जाडीचे आणि प्लास्टिकच्या गवताने किंवा दोरखंडाने गुंडाळलेले. गुळगुळीत, एकाच जाडीच्या दांड्यावर बसलेल्या पक्ष्याच्या तळव्याला एकाच जागी दाब येतो, तिथे फोड, मग पू, मग हाड. दर आठवड्याला तळवे बघा. लालसर चकाकी ही पहिली खूण. खाली गवत-पेंढा कधीच नको. सिटकाच्या दमटीत त्यावर बुरशी येते, तिचे बीजाणू फुप्फुसात जातात आणि जखम बरी झालेला पक्षी त्या बुरशीनेच जातो.

शेपटी पहिल्या दिवसापासून जपा. पिसांवर जाड प्लास्टिकचं पाकीट करून टेप लावा, नाहीतर पेटीच्या भिंतीवर घासून बारापैकी निम्मी मोडतात आणि नवीन यायला वर्ष जातं. मोडलीच तर कलम करता येतं. पिसाचा देठ कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापायचा. झडलेल्या पिसांच्या साठ्यातून त्याच क्रमांकाचं, त्याच वयाचं पीस घ्यायचं. लहान वयाची पिसं लांब असतात, म्हणून मिसळली तर पंख वाकडा चालतो. बांबूची किंवा कार्बनची काडी तासून अर्धी नव्या पिसात, अर्धी जुन्या देठात. आधी गोंदाशिवाय बसवून कोन तपासा, कारण एपॉक्सी लागल्यावर पाचच मिनिटं हातात असतात. शेजारच्या पिसांखाली कागद सरकवायला विसरलात तर तीन पिसं एकत्र चिकटतात, आणि मग जे काही शब्द तोंडून निघतात ते पक्ष्याला कळत नाहीत एवढंच बरं.

सोडता न येणारा, शिकवणीसाठी ठेवलेला पक्षी मोज्यावर घ्यायचा तर कोपर कमरेला टेका आणि मनगट कोपरापेक्षा उंच ठेवा. गरुड नेहमी उंच जागा शोधतो. कोपर वर गेलं की तो दंडावरून चालत खांद्यापर्यंत येतो, म्हणजे तुमच्या कानाजवळ. मोज्यावरून खाली उलटा लटकला तर दुसरा हात पाठीखाली घालून वर उचला, पायांना बांधलेल्या पट्ट्यांना धरून हिसका देऊ नका.

सोडायचा दिवस

हाड जुळलं म्हणजे पक्षी तयार झाला असं नाही. पिंजऱ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता अनेक फेऱ्या, दोन्ही पंखांची फडफड सारखी, उंच दांड्यावर नेमकं उतरणं, आणि त्यानंतर चोच मिटून शांत श्वास. धापा टाकत बसला तर आणखी काही आठवडे. उड्डाणाची खात्री होईना तर लांब दोरी पायाला बांधून मोकळ्या मैदानात उडवून बघतात. दोरी झाडात अडकणार नाही अशी जागा निवडा.

पूर्ण वाढलेला पक्षी जिथे सापडला तिथे सोडावा, त्याचा जोडीदार आणि जागा तिथेच असते. लहान वयाचा असेल तर जिथे खाणं सहज मिळतं तिथे: मार्च-एप्रिलमध्ये हेरिंगची अंडी पडणारा किनारा किंवा शरदात सॅमनचा ओढा. पायात अमेरिकेच्या बर्ड बँडिंग लॅबोरेटरीची धातूची कडी, आणि तिचा क्रमांक दोघांनी वेगवेगळा वाचून लिहिलेला.

सकाळ, पाऊस नाही, वारा मध्यम. पेटीचं तोंड वाऱ्याकडे आणि मोकळ्या जागेकडे. समोर तारा नकोत, रस्ता नको. माणसं पेटीच्या मागे. दार उघडा आणि थांबा. कधी तो क्षणात जातो, कधी वीस मिनिटं उंबऱ्यावर बसून आजूबाजूला बघतो. हातात धरून हवेत उडवायची पद्धत फोटोसाठी आहे, पक्ष्यासाठी नाही. तोल सावरायच्या आत तो खाली येऊ शकतो. गेल्यावर लगेच सामान आवरू नका. तासभर दुर्बीण डोळ्याला ठेवा, जाळं आणि घोंगडी हाताशी राहू द्या. जवळच्या स्प्रूसच्या (सूचिपर्णी) झाडावर बसून पिसं सावरत असेल तर ठीक आहे. पाणकाठावर खाली उतरला आणि उठेना, तर पकडायला परत जायचं आहे.